हळदीची भूक

"आई, पोटात कसंतरीच होतंय गं," पालवी कळवळून म्हणाली.

सकाळपासून नवरीबाई मांडवाच्या सावलीत हळदीनं माखून बसली होती. तिच्या पिढीच्या कातडीत पानासारखं हरितद्रव्य होतं. अंगावर ऊन पडलं की पाण्याची नि हवेची साखर व्हायची, त्यावरच जीव पोसायचा. आज त्या हिरव्या अंगावर हळदीचा जाड थर होता. उन्हाला आत शिरायला वाटच नव्हती.

"डॉक्टरांना बोलवू का?" मावशी घाबरली.

शेवंताला हसू आलं, नि डोळेही भरले. लेकीला रोज अंगणात उन्हात बसवलं तिनं, पण घास भरवणं काही आईच्या वाट्याला आलं नव्हतं. उद्या तर लेक सासरी निघणार.

"वेडाबाई, भूक म्हणतात याला!"

स्वतःच्या ताटातला वरणभात मऊ कालवून तिनं लेकीच्या तोंडाशी घास धरला.

"गिळू कसा?"

"आधी चाव तरी!"

पालवीनं सावकाश चावला, गिळला.

"चल, हळद धुऊन उन्हात बसवू तिला," मावशी म्हणाली.

"थांब ना गं मावशी जरा," म्हणत पालवीनं आईपुढं पुन्हा आ केला.