बापानं भरलेली काडतुसं

ठो नाही. फुस्स.

मिनेसोटातला ऑक्टोबर. ओव्हनमध्ये भोपळ्याची गोड पाई.

रिव्हॉल्वरच्या नळीत अर्ध्यावर रुतून बसलेली शिशाची गोळी.

उजव्या हाताची पाच बोटं. अजून पाचही शाबूत.

लॉरेल तळघराचा जिना दाणदाण उतरली आणि रिकामं रिव्हॉल्वर तिनं बापापुढं आपटलं.

"बाबा, त्या काडतुसात दारूच नव्हती! गोळी नळीत अडकली. मी दुसऱ्यांदा चाप ओढला असता तर हात उडाला असता माझा!"

दुसऱ्यानं घरी भरलेलं काडतूस आणि दुसऱ्याचा टूथब्रश वापरायचा नाही, असं नेमबाजीच्या क्लबात म्हणत. लॉरेलनं एकच अपवाद केला होता. ऑरिनचा. बापाचा.

"चुकलं," ऑरिन म्हणाला.

"चुकलं? उद्या अंतिम फेरी आहे माझी! म्हातारा झालास हे कबूल तरी कर! भर एक, माझ्यासमोर. आत्ता!"

ऑरिननं खिशातून उजवा हात काढला. हात खिशात ठेवणं ही बापाची जुनी ऐट, असं तिला वाटत आलं होतं. हात थरथरत होता. काळी दारू काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत कमी आणि टेबलावर जास्त पडली, मोहरीसारखी. लॉरेलचा संताप आणखीच भडकला. त्याच्यावर, त्या हातावर, आणि इतके महिने काही न दिसलेल्या स्वतःच्या डोळ्यांवर.

"ऊठ," जिन्यावरून आवाज आला.

आर्डिस होती. तिची आई. रिव्हॉल्वर जेवणाच्या टेबलावर दिसलं तरी जेवण थांबवणारी. तिनं नवऱ्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि त्याच्या स्टुलावर बसली.

"आई, तू यात पडू नकोस. हे विणकाम नाही!"

आर्डिसनं पितळी पुंगळ्यांचा ढीग पुढं ओढला. एकाच कारखान्याच्या तेवढ्या वेचल्या. एकीच्या काठाला केसाएवढी चीर होती, ती फेकली. गोळ्या दिव्याखाली उलट्या धरून पाहिल्या. बुडाला टवका गेलेल्या परत वितळवायच्या डब्यात भिरकावल्या. उरलेल्या एकेक करून तोलल्या. तिसरी जड निघाली. "हं, चल नीघ," ती त्या गोळीला म्हणाली.

ऑरिन भिंतीकडं बघत उभा होता.

"तुला ओरडायचंय ना?" मान वर न करता आर्डिस मुलीला म्हणाली. "मग इकडं तोंड करून ओरड. फेब्रुवारीपासून सगळी मीच भरतेय. त्या एकात दारू घालायची राहिली, कारण मधेच फोन वाजला. तुझाच होता. बाबा नीट भरतोय ना, विचारत होतीस."

राज्याचं विजेतेपद लॉरेलनं जुलैत जिंकलं होतं.