आवाज उसना

"मारीच म्हणजे नक्की कोण, ते एकदा मला नीट सांगा," कंपनीची मुलगी म्हणाली. "रामायणातला मला माहीत आहे. तुमच्या भावाचा सांगा."

थोरल्याने गिटारचा पट्टा खांद्यावर सरकवला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट वायरींच्या गुंत्यात डोकं घालून बसला होता. धाकट्याचं हे शेवटचं गाणं, जाण्याच्या आदल्या आठवड्यात गाऊन ठेवलेलं. कंपनीला ते बाहेर काढायची घाई होती आणि गाण्याखाली चार ओळींत अर्थ हवा होता. हल्ली औषधाच्या बाटलीबरोबर चिठ्ठी द्यावी तसा गाण्याबरोबर अर्थ द्यावा लागतो. लोकांनी आपापला काढला तर कंपनीच्या अंगाशी येतं म्हणे.

"सोन्याचं हरण म्हणजे प्रसिद्धी," थोरला म्हणाला. "तिच्यामागे जो धावला तो फसला. एवढं पुरे."

"ते लिहिलंय मी. पण मग हे काय?" तिने लॅपटॉपवरच्या ओळी सपाट आवाजात वाचून दाखवल्या.

कातडं सोन्याचं, पळणं माझं,
आवाज उसना, मरणं माझं.

"उसना आवाज म्हणजे उसनं संगीत. आम्ही परक्यांची नक्कल करतो म्हणून लोक नावं ठेवायचे ना, त्यांना टोमणा आहे तो."

थोरल्याकडे अर्थांची कमी नव्हती. कुणी विचारलं तर अडायला नको, म्हणून येतानाच त्याने दोन-चार तयार करून ठेवले होते.

"दादा, आधी सोलो घेऊन टाकू," रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "अर्थ काय पळून जातोय?"

गाताना सोलोची जागा आली की धाकटा "दादा!" म्हणून ओरडायचा आणि त्या हाकेवर थोरल्याची गिटार सुटायची. ही दोघांची जुनी रीत. कार्यक्रमात अख्खं मैदान त्याच्याबरोबर ओरडायचं. घरची हाक अशी जगाची झाली होती आणि थोरल्याला त्याचा कोण अभिमान! या गाण्यातही हाक होती, आणि हाकेनंतरची जागा धाकट्याने गिटारसाठी मोकळी सोडली होती.

थोरल्याने हेडफोन चढवला. धाकटा गायला लागला. घसा बसलेला, सूर मात्र पक्का. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं.

"दादा!"

थोरल्याची बोटं तारांवर होती, ती हललीच नाहीत. नुसते ड्रम वाजत राहिले.

"एंट्री गेली," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "होतं असं. परत घेऊ."

परत घेतलं, परत गेली. तिसऱ्यांदाही गेली. रेकॉर्डिस्टने गाणं थांबवलं आणि उगाच घसा खाकरला.

ही मैदानातली हाक नव्हतीच. थोरल्याने ती ऐकली होती ती फोनवर. "दादा, मी संपवतोय स्वतःला." पहिल्यांदा तो अनवाणी धावत गेला होता, तर हा पठ्ठ्या पलंगावर बसून बिस्किटं खात होता आणि भावाची धाप बघून खो खो हसला. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी घरच्यांनी बसून ठरवलं, ही नाटकं आहेत, कुणी जायचं नाही. आईसुद्धा हो म्हणाली. धाकटा गेला त्या दुपारी फोन वाजला तेव्हा थोरला जेवत होता. "पुरे झाली तुझी नाटकं," म्हणून त्याने फोन ठेवला आणि आणखी वाढून घेतलं.

"तुम्ही जरा दम घ्या," मुलगी म्हणाली. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. "मला एक सुचलंय, बघा पटतंय का. आपल्याला लहानपणापासून काय सांगतात? मारीचाने रामाचा आवाज काढून खोटी हाक मारली. पण हाक मारली तेव्हा बाण लागलेलाच होता की त्याला! नक्कल आवाजाची होती, मरत तर तो खराखुरा होता. आणि त्याच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही." तिचा चेहरा खुलला. "हेच म्हणायचं असणार त्यांना. काय लिहायचे हो तुमचे भाऊ!"

रेकॉर्डिस्टने मान खाली घातली. त्या शेवटच्या फोनचं बँडबरोबरच्या सगळ्यांनाच माहीत होतं.

थोरल्याला संताप आला. गधड्याने आधीच लिहून ठेवलं होतं. आपली हाक खरी धरून कुणी येणार नाही, हे गातानाच त्याला ठाऊक होतं, आणि तरी गिटारला जागा सोडून गेला होता.

"लिहू ना असं?" मुलीने विचारलं.

"लिही."

"आणि शेवटी लक्ष्मणावर एक वाक्य टाकते. आवाज खोटा आहे हे त्याने ओळखलं होतं, तरीही तो भावासाठी धावला. लोकांना आवडेल."

"लक्ष्मणाचं नको."

"का? सीतेने बोल लावला म्हणून का होईना, पण गेला होता ना तो?"

"गेला होता," थोरला म्हणाला. "गोष्टीत."