खरं वय

पोरांची वयं कमी दाखवून संघात घुसवणाऱ्या आईबापांशी भांडण्यात क्रीडाशिक्षिका क्रांतीमॅडमची पंधरा वर्षं गेली होती. म्हणून इस्लामपूरच्या स्पर्धेला आठ दिवस उरले असताना, सतरा वर्षांखालच्या खो-खो संघाची कर्णधार प्रांजल हिचे वडील लालासाहेब समोर येऊन जे बोलले, ते ऐकून त्या बघतच राहिल्या.

"मॅडम, पोरगी लय आजारी असायची, म्हणून शाळेत उशिरा घातली. तवा वय कमी लिवलं गेलं. आता ती अठराची हाय. खोट्या वयावर खेळवायचं मनाला पटत न्हाई."

मॅडमना भरून आलं. हातची कर्णधार जात होती, पण इतका सरळ बाप उभ्या नोकरीत भेटला नव्हता. जन्मतारीख दुरुस्तीच्या अर्जावर त्यांनी स्वतः शिफारस लिहून सही ठोकली. प्रांजल दाराशी मान खाली घालून उभी होती. संघातून नाव गेल्याचं वाईट वाटत असेल, असं समजून मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बापाचा अभिमान बाळग गं."

दुरुस्त दाखला मिळून आठवडा झाला नाही तोच लालासाहेब पुन्हा शाळेत आले, पेढे आणि लग्नाची पत्रिका घेऊन. वधू म्हणून प्रांजलचं नाव वाचून मॅडमनी हातातला पेढा परत ठेवला. "अहो, लहान आहे हो ती अजून!"

"लहान कशी? अठरा पुरी झाल्यात की," लालासाहेब हसले.

 

"म्हणजे तो अर्ज खोटा होता?" मॅडमनी विचारलं.

"आवं मॅडम, सही तुमचीच हाय न्हवं."