दप्तराला लागलेला पाय

शिरीन सहाला येणार होती, आणि रेखाबाईंनी चारपासून दोनदा साडी बदलली होती.

"आई, बस ना आता. तिनंच मला ऑनलाइन शोधून मेसेज केलाय. भांडायचं असतं तर असं विचारून कोण येतं?" तेजश्री म्हणाली. दोघींना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून लेक गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली. आखातातल्या अल् खुवैर वस्तीतल्या लेकीच्या फ्लॅटमध्ये रेखाबाई एकट्या उरल्या.

दोघींची ताटातूट होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती. बाबा इराणमधल्या एका गावी डॉक्टर होते. क्रांती झाली, धर्माचं राज्य आलं, आणि रेखाच्याही डोक्याला रुमाल आला, कपाळावरची टिकली गेली. एखादी बट दिसतेय का, हे बाई शाळेच्या दारातच तपासायच्या. तरी ती आणि शिरीन मागच्या बाकावर खुसखुसत असायच्याच. त्या वयाला कोण आवर घालणार?

मग एक दिवस शिरीनच्या दप्तराला रेखाचा पाय लागला. घरच्या सवयीनं ती चटकन वाकली आणि दप्तराला नमस्कार केला. बाईंनी पाहिलं. ही कसली पूजा, म्हणत त्यांनी दप्तर उघडलं, तर आत बंदी असलेली पत्रकं. शिरीनला तिथूनच उचललं. त्याच आठवड्यात इस्पितळावर युद्धातला बॉम्ब पडून बाबा गेल्याचं सरकारी पत्र आलं. त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही. आईनं रेखाला घेऊन थेट पुणं गाठलं. शिरीनचं काय झालं, विचारायची सोयच उरली नाही.

बेल वाजली. दारात पांढऱ्या मोकळ्या केसांची बाई उभी होती. रेखाबाईंनी तिला बसवलं आणि चहा विचारायच्या आधीच, मोडक्यातोडक्या फारसीत, सगळं ओकून टाकलं. "माझ्या पायानं तुझा घात केला गं. मला माफ कर."

शिरीन त्यांच्याकडे बघतच राहिली. "तू माझी माफी मागतेस?"

"किती वर्षं डांबलं तुला?"

"एकच रात्र."

रेखाबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी तिचे हात घट्ट धरले आणि इतक्या वर्षांचं रडून घेतलं. शिरीननं हळूच हात सोडवून घेतले.

"रेखाजान, पत्रकं कुणी दिली म्हणून ते रात्रभर विचारत होते. मी तेरा वर्षांची. वाटलं, तुम्ही परदेशी, तुम्हाला फार तर देशाबाहेर काढतील. मी तुझ्या बाबांचं नाव सांगितलं."