पंखातलं जाकीट

"मावशी, जरा डावीकडे सरका. हां, तिथेच. आता पंखाकडे बघा, आणि रडू आलं तर अडवू नका," लमिया म्हणाली.

मब्रूकामावशी डावीकडे सरकली. तिला रडू आलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या तिजानीने मात्र मान वळवली.

तिजानी या संग्रहालयाचा प्रमुख. दक्षिण ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरचं लहानसं गाव आणि गावाच्या मापाचंच संग्रहालय. पेंढा भरलेले रोहित पक्षी, कुररी पक्ष्यांची अंडी, कोळ्यांची जुनी जाळी. राजधानीहून फोन आला, की नामवंत कलाकार लमियाबाई तुमच्याकडे पक्ष्यांवर प्रदर्शन मांडणार आहेत, सामाजिक आशयाचं. वरच्यांना नाही म्हणायची तिजानीला सवयच नव्हती. त्याने निमूटपणे रोहितांची कपाटं अंगणात हलवली.

दालनात आता एकच पक्षी होता. भिंतभर पंख पसरलेला, आणि नखशिखांत कपड्यांचा. युरोपच्या वाटेवर बुडालेल्यांचे कपडे, समुद्राने परत टाकलेले. लमियाने ते किनारा पालथा घालून गोळा केले होते. धुतले मात्र नव्हते. मीठ आणि डाग, हेच तर खरं काम, असं तिचं म्हणणं. सदरे, विजारी, स्वेटर. चोचीच्या टोकाला एका लहान मुलीचा मोजा. खाली पाटी होती, 'पक्ष्यांना सीमा नसतात.' कुजक्या शेवाळाचा वास मारायला सकाळी कुणीतरी नारिंगीच्या फुलांचं पाणी शिंपडलं होतं. ते दोन वास एकमेकांत असे काही कालवले गेले होते की तिजानीने नाकाने श्वास घेणंच सोडून दिलं होतं.

पाहुण्यांना त्याचं काही नव्हतं. ते खजुराचे मकरूद खात होते, बोटांवरचा पाक चाटत होते. एकेक जण पक्ष्याकडे पाठ करून उभा राहत होता, म्हणजे फोटोत पंख आपल्यालाच फुटल्यासारखे दिसत. प्रांताचा कारभार बघणाऱ्या वालीसाहेबांनीही तसा एक काढून घेतला. मग रुमालाला हात पुसत म्हणाले, "किती हलकं वाटतं, नाही?"

आणि मब्रूकामावशीला इथे आणणारा तिजानीच होता. "एखादी आई हवी," असं लमियाने त्याला सांगितलं होतं. आणखी एक खुर्ची हवी असावी, तशा सुरात. मावशीचा अनीस नावेत बसून गेला तो गेलाच. ना फोन, ना मढं. तिजानीने बोलावलं म्हणून ती ठेवणीतली पांढरी चादर पांघरून आली होती.

मावशी पंखापाशी गेली. एकेक कपडा निरखू लागली, बाजारात कापड बघावं तशी सावकाश. मग एका निळ्या जाकिटाची बाही तिने मुठीत धरली.

"हे माझ्या अनीसचं."

लमियाचे डोळे चमकले. "जवळ ये, जवळ. हात घे, मग चेहरा घे," ती कॅमेरावाल्याला हलक्या आवाजात म्हणाली.

"काढून दे," मावशी म्हणाली. "घरी न्यायचंय."

लमियाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, ते आता नुसतं जाकीट नाही राहिलं. ते साऱ्या जगाचं झालंय. आणि ते काढलं तर अख्खा पंख खाली येईल. तुम्ही रोज येऊन बघत जा ना. तुमच्याकडून तिकीट नाही घेणार आम्ही."

मावशीने बाही सोडली नाही. वालीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. लमिया तिजानीकडे वळून पुटपुटली, "यांना बाहेर नेऊन जरा चहा पाजा."

तिजानी बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पेंढा भरायच्या कामातली मोठी कात्री होती. त्याने स्टूल ओढलं.

"तिजानीसाहेब, हात लावलात तर उद्या या संग्रहालयात तुम्ही नसाल," लमिया म्हणाली.

"बरं," तिजानी म्हणाला आणि वर चढला.

कापड मिठाने पत्र्यासारखं झालं होतं. टाके तुटता तुटेनात. शेवटचा तुटला तेव्हा जाकिटाच्या खिशातली वाळू भसकन खाली आली, थेट मकरूदांच्या ताटात. अर्धा पंख लोंबकळला. एका बाईने तोंडातला घास हळूच रुमालात काढला.

अंगणात कपाटांच्या मागे नळ होता. मावशी तिथेच उकिडवी बसली. तिने साबण मागून घेतला आणि जाकीट धुवायला लागली. आधी कॉलर, मग बाह्या, मग खिसे उलटे करून. लहान मुलाचं अंग धुवावं तसं हळू. काळपट पाणी जात राहिलं. पिळायला तिजानीने दुसरं टोक धरलं. नोकरी गेल्यात जमा होती. तरी आज पहिल्यांदा त्याला छातीभर श्वास घेता येत होता.

"निदान अनीसचं एवढं तरी तुझ्या हाती लागलं, मावशी," तो म्हणाला.

"अनीसचं?" मावशीने पीळ आणखी आवळला. "अनीस भर उन्हाळ्यात गेला रे. अंगात नुसतं बनियन होतं. हे कुणाचं, ते अल्लालाच ठाऊक."

तिजानीचे हात थांबले.

"कुणाच्या तरी लेकराला त्या भिंतीवरून उतरवायला नको?" मावशी म्हणाली. "उद्या आमच्या गल्लीतली सालिहा येईल. पंखातला तो पिवळा सदरा तिच्या मुनीरचा निघेल."