आवाजाचा नमुना

"मोठा माईक विकत घ्यावाच लागतो का हो?"

लेकीचा हा सातवा प्रश्न होता आणि मांडीवरच्या वहीत अजून पाच शिल्लक होते. वयाची अट असते का, अभिनयाचा कोर्स लागतो का, घसा बसला तर काय करायचं, काम मागायला पुन्हापुन्हा फोन केलेला चालतो का. नवखी माणसं विचारतात तेच सगळं. रेकॉर्डिस्टच्या कानांना हे प्रश्न रोजचेच असणार, तरी बिचारा न कंटाळता उत्तरं देत होता.

"माईकचं नंतर बघा. आधी शांत जागा हवी. हा आवाजाचा नमुना कुठे रेकॉर्ड केलात?"

"घरी. कपड्यांच्या कपाटात बसून, दार ओढून घेऊन."

"वा! पंखा, फ्रीज बंद होते ना?"

"सगळं बंद!" मागच्या सोफ्यावरून आई कौतुकाने म्हणाली. लेकीने मान वळवून पाहिलं, तशी ती गप्प झाली. सोबत यायचं, पण मध्ये तोंड घालायचं नाही, असं खाली स्टुडिओच्या दारातच ठरलं होतं.

शेजारच्या खुर्चीत डबिंगच्या बाई होत्या. काम द्यायचं की नाही ते त्यांच्या हातात. एका लांबलचक मालिकेतल्या प्रेमळ नर्ससाठी त्यांना नवा आवाज हवा होता. साठ भाग. आज होकार मिळाला तर लेक कलाकार, नाहीतर सोमवारपासून पुन्हा दुकानाचा गल्ला.

बाईंनी खूण केली. रेकॉर्डिस्टने नमुना लावला.

"माझं सोनं ते... माझं पाखरू ते... आता अंघोळ करायची ना आमच्या बाळाला?"

बाळाच्या साबणाची जाहिरात होती. आवाज असा, की साबणानेच विरघळावं. बाईंनी मान डोलावली आणि लेकीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्या उठून दाराशी गेल्या, रेकॉर्डिस्ट चहाचा कप शोधू लागला, आणि नमुना पुढे चालूच राहिला. नमुना कोणी अर्ध्या मिनिटापुढे ऐकत नाही, असं लेकीला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून पुढचं कापायचे कष्ट तिने घेतलेच नव्हते. तो आळस आता अंगाशी आला.

स्पीकरमधून आधी नुसती शांतता आली. मग लांबून, कशात तरी दाबलेला खोकला.

"झालं! फिरवलंस पाणी! मी कपाटात असले की खोकायचं नाही, किती वेळा सांगितलं? दोन मिनिटं दम निघत नाही?"

"उशी धरली होती गं तोंडावर. तरी आला."

"मग जिन्यात जाऊन बस. तिथे खोक काय खोकायचं ते. माझ्याच कामाच्या वेळी बरं सुचतं तुला!"

"बरं."

चपला ओढल्याचा आवाज. दार लागलं. आणि लगेच, मध्ये श्वासही न घेता, "माझं सोनं ते... माझं पाखरू ते..."

रेकॉर्डिस्टचा हात बटणापर्यंत पोचला, पण उशिरा. बाईंनी फोन कानापासून खाली घेतला होता. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं लेकीला झालं. घरी हे बोलणं रोजचं होतं, आणि रोजचं कुणाच्या कानाला लागत नाही. आज ते परक्यांच्या देखत ऐकताना तिला स्वतःची लाज वाटली. मागे वळून आईकडे पाहायची हिंमत होईना.

"हे काय होतं?" बाईंनी विचारलं.

उत्तर सोफ्यावरून आलं.

"तोही नमुनाच आहे, बाई. रागाचा. आम्ही दोघींनी मिळून बसवला. हिला नुसतं गोडच बोलता येतं, असं तुम्हाला वाटायला नको म्हणून."

आई इतकं सराईत खोटं बोलू शकते, हे लेकीला आज कळलं.

बाई फोन बंद करून खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "साबणाचं ठीक आहे. तसं शंभरजणी करतात. रागाचा तुकडा मात्र अस्सल आहे. नर्सचं राहू द्या. त्याच मालिकेत एक मुलगी आहे, सगळ्यांना तोडून बोलणारी. आत जाऊन हेच पुन्हा करून दाखवा. आई, तुम्हीही जा. समोर माणूस असलं की बरं पडतं."

काचेपलीकडची खोली एवढीशी होती. मध्ये माईक, दोन बाजूंना दोघी. रेकॉर्डिस्टने हेडफोन कानांवर चढवले, माईक सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

"उशी धरली होती गं तोंडावर. तरी आला," आई म्हणाली. पहिल्या फटक्यात बरोबर.

लेकीने तोंड उघडलं. शब्द पाठ होते, आवाज फुटेना. बाईंनी पुन्हा सुरुवात करायला सांगितली. दुसऱ्यांदा ती "मग जिन्यात" एवढ्यावर अडली. तिसऱ्यांदा वाक्य पुरं झालं, पण इतकं मऊ, की जिन्यात बसायला नव्हे, जेवायला बोलावत असावी. बाईंनी घड्याळ पाहिलं.

काम हातचं जातंय, हे आईलाही दिसलं. ती लेकीच्या अगदी जवळ सरकली, पाठीवर हात ठेवला आणि बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच कुजबुजली, "अगं, मला काय वाटेल याचा विचार करू नकोस. घरी बोलतेस तशी बोल. मला सवय आहे."

लाल दिवा अजून चालूच होता. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवून दिले.