ठणका

डॉ. नदाफबाईंनी पट्ट्याचं एक टोक केतकीच्या मांडीला बांधलं आणि दुसरं तिच्या बापाच्या, हणमंताच्या, मांडीला. बटण दाबताच लेकीचं सगळं दुखणं वायरीतून बापाच्या मांडीत उतरलं.

"आप्पा, गेलं की!" केतकी हसली. "म्हटलं होतं ना, कबड्डी खेळून मांडी भरून आलीय. उगाच आणलंत मला."

बाईंनी तिची मांडी जागोजागी दाबली, पाय वाकवला, ताणला. "हणमंतराव, कळ वाढतेय का?"

हणमंतानं नकारार्थी मान हलवली. मांस दुखत असतं, तर एवढ्या दाबण्यानं तो कळवळला असता. हे दुखणं दाबण्या-ताणण्याला जुमानतच नव्हतं.

"केतकी, आता नुसती पडून राहा बाळा."

पोर निवांत पडली, आणि हणमंताच्या मांडीत, पार आत, ठणक्यानं जोर धरला. तो दात आवळून बसला. ठणका त्याच्या ओळखीचा होता.

"मांस की हाड?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"हाड."

 तिनं उत्तर ऐकलं का म्हणून दोघांनीही केतकीकडे पाहिलं. ती गाढ झोपली होती. किती रात्री जागून काढल्या होत्या, ते पोरीनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

बाई पट्टा सोडायला वाकल्या. हणमंतानं त्यांचा हात धरला.

"राहू द्या बाई. तिची आईसुद्धा शेवटी शेवटी पट्टा बांधला की अशीच झोपायची."